४०७ चा एक्सल आणि स्टेअरिंग घरीच सेंटर केलं, ते कसं

गाडी सरळ रस्त्यावर सरळ पळते पण स्टेअरिंगचा आडवा दांडा तिरका राहतोय, अशी तक्रार घेऊन गेलं की बऱ्याच ठिकाणी पहिलं काम काय करतात, तर मधलं हॉर्नचं बटण काढतात, नट सोडतात, स्टेअरिंग उपसून दात्यांवर फिरवून परत सरळ बसवतात आणि घ्या मालक झालं म्हणतात. दिसायला झालेलंच असतं. आमच्या गाडीला एका गॅरेजात हेच करून दिलं आणि वरनं सांगितलं की पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) जुने झालेत, आता एवढं चालायचंच. स्टेअरिंग बघून कुणी म्हणलं नसतं की खाली काही बिघडलंय, आणि खरा घोळ तिथंच आहे, कारण ते तिरकं स्टेअरिंग हीच एक खूण होती आणि ती पुसून टाकली.

गाडी म्हणजे टाटा ४०७, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग, भाजीची. १९८६ साली टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) हे मॉडेल काढलं तेव्हापासनं आमच्या भागात भाजी, विटा, लग्नाचं वऱ्हाड सगळं हिच्यावरच. रात्री बेळगावात कोबी, टोमॅटो, बीन्स भरायचं आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून साखळीवरनं पहाटेच्या आत गोव्यात टेकायचं. पावसाळ्यात त्या रस्त्याचं काय होतं ते जाणाऱ्यालाच माहीत, खड्डा चुकवायला जावं तर दुसऱ्यात चाक, आणि पाणी भरलं की खोली पण कळत नाही. तर पावसाळा सरता सरता गाडी उजवीकडं ओढायला लागली आणि सरळ ठेवायची तर स्टेअरिंग डावीकडं जवळजवळ पाव फेरा धरावं लागायचं, आडवा दांडा पार उभा व्हायला आलेला. मग ते वर सांगितलं ते गॅरेज झालं. त्यानंतर स्टेअरिंग दिसायला सरळ, पण ओढणं तसंच, मधल्या जागेवर प्ले (स्टेअरिंग हलतं पण चाक हलत नाही तो ढिलेपणा) वाढल्यासारखा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाटात डावीकडच्या हेअरपिनला गाडी एका दमात वळेना. उजवीकडं बरोबर वळते आणि डावीकडं रिव्हर्स घ्यावा लागतोय, मागनं बस हॉर्न मारतेय, हे काय बरोबर नाही एवढं मला कळलं.

इथं जरा यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हिला पुढं अखंड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याच्या टोकांना, आणि तो खालनं पाट्यांना यू-बोल्टनी आवळलेला. पाट्यांच्या मधनं एक सेंटर बोल्ट जातो, त्याचं गोल डोकं एक्सलच्या बैठकीवरच्या भोकात बसतं. एक्सल पुढंमागं कुठं बसायचा ते त्या डोक्यावर ठरतं, पण धरून ठेवायचं काम त्याचं नाही, ते यू-बोल्टचं. यू-बोल्ट ढिले पडले की खड्ड्याचा सगळा दणका त्या एका बोल्टावर येतो, तो कापला जातो आणि त्या बाजूचा एक्सल मागं सरकतो. आणि आपल्या गाड्यांना स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगच्या खालची दात्यांची पेटी) उजव्या चेसिसला, तिथनं ड्रॅग लिंक (पुढंमागं सरकणारा लांब दांडा) उजव्या चाकाला वळवणाऱ्या आर्मला. म्हणजे उजवीकडचा एक्सल मागं गेला तर किंगपिन (चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) मागं जाणार पण आर्मचं टोक ड्रॅग लिंकनं जागेवर धरलेलं, मग चाकं आपोआप उजवीकडं वळणार आणि माणूस स्टेअरिंग डावीकडं धरून बसणार. बोटाच्या रुंदीएवढा सरकला तरी स्टेअरिंग पाव फेऱ्याच्या आसपास जातं. डावीकडचा बोल्ट तुटला असता तर स्टेअरिंग एवढं बोललंच नसतं, तिथं ड्रॅग लिंकच नाही.

आणि बॉक्सचं पण एक असतं. ह्या बॉक्समधले दाते बरोबर मध्यावर सगळ्यात घट्ट बसवलेले असतात, बाजूला गेलं की थोडे सैल होतात. आमचा बॉक्स सरळ जाताना पण पाव फेरा डावीकडं गेलेला, म्हणजे कायम सैल जागेवर चाललेला, म्हणून तो प्ले. डावीकडं पूर्ण मारताना चाकाचा स्टॉप बोल्ट (चाक किती वळायचं ते अडवणारा) लागायच्या आधीच बॉक्स आतनं संपायचा, म्हणून ते हेअरपिन. स्टेअरिंग उपसून सरळ केल्यानं ह्यातलं एकही गेलं नाही, जाणार पण नव्हतं.

पण हे सगळं आधी मोजून बघायचं होतं. आमचं घर पिरनवाडीच्या पुढं जांबोटी रोडला, समोर सिमेंटचं अंगण आहे, भात वाळवायला केलेलं, त्यातल्या त्यात लेव्हल. गाडी रिकामी करून डाव्याउजव्या टायरात हवा सारखी केली, अंगणात थोडी मागंपुढं ढकलून सोडली म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतात, आणि मागच्या चाकांना पुढनं मागनं दगड. शेजारचे गवंडी काका ओळंबा आणि लाइनदोरी घेऊन आले, त्यांना गाडीतलं काही कळत नाही पण सरळ आणि वाकडं ह्यातलं त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं.

पहिलं मागचं बघितलं. पुढचा एक्सल कशाला काटकोनात आहे ते ठरवायला मागचा आणि चेसिस सरळ आहेत हे पक्कं पाहिजे, नाहीतर मागचा वाकडा असला तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि आपण पुढचं फिरवत बसतो. मागच्या पाट्याच्या पुढच्या पिनापासनं एक्सलपर्यंत दोन्हीकडं सारखं भरलं. मग पुढच्या पाट्यांच्या पिना, मागच्या पाट्यांच्या पिना, अशा चारी ठिकाणनं ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं फुल्या मारल्या आणि कर्ण मोजले. काका म्हणाले पाया काढताना हेच करतो आम्ही, कर्ण जुळले की खोली काटकोनात. कर्ण जुळले. म्हणजे चेसिस सरळ.

मग पुढचा एक्सल. बरेच जण पुढच्या हबपासनं मागच्या हबपर्यंत टेप लावतात, तेवढ्यावर जाऊ नका, चाक जरा वळलेलं असलं तरी ते माप हलतं. एक्सलच्या दांड्यावर दोन्हीकडं सारखी जागा धरायची, आम्ही किंगपिनच्या खालच्या टोपीचा मध्य धरला, तिथनं ओळंबा, खाली फुली, आणि ती फुली पाट्याच्या पिनाच्या फुलीपासनं किती मागं ते मोजायचं. डाव्यापेक्षा उजवीकडं १३ मिमी जास्त आलं. काकांनी ओळंबा हलायचा थांबेपर्यंत वाट बघून परत मोजलं, तेवढंच. मग मी बॅटरी घेऊन खाली शिरलो तर पाट्याच्या बैठकीवर घासून घासून चकचकीत झालेली एक पट्टी दिसली, नखाएवढी रुंद, बाजूला गंजाचा लाल ओघळ. यू-बोल्टच्या नटाला पाना लावला तर हातानं फिरला. एवढं बघितल्यावर दुसरं काय बघायचं राहिलं नाही.

सामान ऑटोनगरातनं आणलं. सेंटर बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला घालू नका, डोकं बसत नाही आणि लोखंड पण मऊ, स्प्रिंगवाल्याकडं हाय टेन्साइलचाच मागायचा, जुना नेऊन डोक्याचा व्यास जुळवून. यू-बोल्ट नवीनच, नटासकट, एकदा ताणलेले आटे परत धरत नाहीत. दोन्ही बाजूचं आणलं. सगळं मिळून एका टायरच्या किमतीच्या पासंगाला पण नाही.

कामाला वेल्डिंगवाले मामा आले, गल्लीच्या तोंडाला त्यांचं शेड आहे, बोलणं कन्नड आणि आमचं मराठी, त्यातनं दोघांचं बरोबर चालतं. चेसिस जॅकनं उचलून दोन्ही बाजूला घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्या, निव्वळ जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं असलं तर हे काम करूच नका. दुसरा जॅक एक्सलखाली, नुसता आधाराला. चाक काढलं, यू-बोल्ट सोडले. पाट्यांचा गठ्ठा दोन्हीकडनं सी-क्लॅम्पनी आवळून मगच सेंटर बोल्टचं नाव घ्यायचं, कारण पाटे ताणात असतात, बोल्ट निघाला की उघडतात आणि बोटं मध्ये असली तर गेलीच. तुटका तुकडा वरनं निघाला पण डोकं बैठकीच्या भोकात गच्च बसलेलं, ते खालनं गोटी लावून घणानं पाडलं. कापलेली जागा बघितली तर अर्धी काळी जुनी आणि अर्धी ताजी चमकणारी. म्हणजे आधीच निम्मा तुटून तसाच चाललेला, शेवटच्या कुठल्यातरी खड्ड्यानं उरलेला घेतला.

काही गाड्यांना पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर असते, कॅस्टरसाठी म्हणजे किंगपिनच्या पुढंमागं कलासाठी, असली तर जाड बाजू कुठं ते खडूनं लिहून ठेवा.

नवीन बोल्ट घालून पाटे आवळले. आता एक्सल १३ मिमी पुढं आणायचा. पुढच्या हँगरला आणि एक्सलला चेन पुली बांधली, मी साखळी ओढणार, मामा खाली बोल्टाच्या डोक्यावर नजर ठेवून. स्वल्प मुंद, स्वल्प मुंद (जरा पुढं), करत करत एकदम साक साक (बास बास) ओरडले, तेवढ्यात आप्पा घरातनं बाहेर येऊन विचारतात काय करुलालास गा, आणि मी एका हातानं साखळी धरून उत्तर देतोय. मग एक्सलखालचा जॅक हळूहळू वर घेतला आणि डोकं भोकात उतरलं तेव्हा आवाज आला, टक्. यू-बोल्ट घालून नट कोपऱ्याकोपऱ्यानं आवळत नेले, एकच नट पुरा आवळून मग दुसरा असं केलं तर बैठक तिरकी बसते. चाक घालून गाडी जमिनीवर सोडल्यावर, वजन आल्यावर, शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढं. दोन्ही पायांचे आटे नटाच्या बाहेर सारखे दिसले पाहिजेत. परत ओळंबा सोडला. दोन्हीकडं सारखं.

डावीकडचा पण उघडला, सामान होतंच. तो बोल्ट तुटला नव्हता पण मध्ये खाच पडलेली.

डावीउजवीकडं पण एकदा बघावं, चेसिसपासनं रिमपर्यंतचं अंतर दोन्हीकडं. पाट्यांच्या गाडीत एक्सल आडवा सरकायचा म्हणजे बुश तरी गेलेले असतात नाहीतर पिना. कॉइल स्प्रिंगच्या अखंड एक्सलला मात्र हेच मुख्य दुखणं. भाच्याचा मित्र उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहे, त्यानं मारुतीची जिमनी घेतली आणि स्प्रिंग बदलून उंच केली, तर पुढचा एक्सल एका बाजूला बाहेर दिसायला लागला आणि स्टेअरिंग पण तिरकं. तिथं एक आडवा दांडा असतो, एक टोक चेसिसला आणि दुसरं विरुद्ध बाजूला एक्सलला, गाडी उंच केली की दांडा जास्त तिरका होतो आणि एक्सलला चेसिसच्या टोकाकडं ओढतो. त्याला लांबी कमीजास्त करता येणारा दांडा घालून आधी एक्सल मध्ये आणायला लागला आणि मग ड्रॅग लिंक. गाडी दहा लाखाच्या वरची, घोळ आमच्याच भाजीच्या गाडीचा, आणि क्रम पण तोच.

आता स्टेअरिंग. ह्याच्या आधी टो-इन (पुढची दोन्ही चाकं पुढनं किंचित आत वळलेली ठेवणं) करून घ्यायचं. ड्रॅग लिंक उजव्या चाकाला आहे, टायरॉड (दोन चाकांना जोडणारा दांडा) फिरवला की डावं चाक तेवढं हलतं, पण गाडी पळताना दोन्ही चाकं मिळून मधली दिशा धरतात, म्हणून स्टेअरिंग आधी सरळ केलं आणि टो नंतर फिरवला तर स्टेअरिंग परत हललंच. टो मोजायला मशीन नव्हतं, जुनी पद्धत. चाक उचलून हातानं फिरवायचं आणि टायरच्या मधोमध खिळा टेकवून धरायचा, गोल रेघ उठते, दुसऱ्या चाकाला पण तसंच. गाडी खाली सोडून ढकलायची, मग हबच्या उंचीला पुढच्या बाजूनं दोन रेघांमधलं अंतर आणि मागच्या बाजूनं अंतर, पुढचं किंचित कमी पाहिजे. हा मिलिमीटरांचा विषय आहे, टेप झोल खाऊ द्यायची नाही. आमचं पुढनं जास्त भरत होतं, टायरॉडचे क्लॅम्प सोडून पाइप पान्यानं थोडं थोडं फिरवत पुस्तकातल्या मापात आणलं. प्रत्येक वेळी गाडी ढकलून मग मोजायचं, नाहीतर टायर जमिनीला चिकटून खोटं माप देतं.

मग ड्रॅग लिंकचा एक बॉल जॉइंट सोडवला. तो टेपर म्हणजे निमुळता असतो, नट काढला तरी निघत नाही, आटे हाणून खराब करू नका, आर्मच्या डोळ्याला दोन्हीकडनं एकाच वेळी दोन हातोडे मारले की सुटतो, मामांनी दोन घावात पाडला. लिंक सुटल्यावर बॉक्स मोकळा. स्टेअरिंगच्या कडेला पांढरी टेप लावून एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत फेरे मोजले, टोकाला आपटायचं नाही, आणि बरोबर निम्म्यावर आणून ठेवलं. हा बॉक्सचा खरा मध्य. आणि तिथं आमचं स्टेअरिंग उजवीकडं पाव फेरा तिरकं! त्या गॅरेजवाल्यानं फिरवलेलं ते हे. मामा केबिनच्या दारात उभं राहून हसाय लागले. नट सोडून, खूण करून, स्टेअरिंग उपसून दांडा आडवा बसवला. म्हणजे स्टेअरिंग उपसायचं काम मी पण केलं, पण बॉक्स मध्यावर आणून, नुसतं डोळ्याला सरळ दिसावं म्हणून नाही.

चाकं सरळ करायला परत लाइनदोरी, मागच्या टायरांना धरून दोन्हीकडनं पुढं ताणली. पुढच्या डाव्याउजव्या चाकांतलं आणि मागच्या चाकांतलं अंतर सारखं नसतं त्यामुळं दोरी दोन्ही पुढच्या टायरांना टेकेलच असं नाही, डावीकडची फट आणि उजवीकडची फट सारखी आली की चाकं सरळ. आता बॉक्स मध्यावर, चाकं सरळ, आणि मध्ये ड्रॅग लिंक. तिचा बॉल आर्मच्या भोकासमोर धरला तर बोटभर बाजूला! क्लॅम्प ढिला करून टोक अर्धा अर्धा फेरा फिरवत लांबी जुळवली, बॉल काही न ढकलता आपोआप भोकात बसेपर्यंत. जोर लावून बसवायला लागतोय म्हणजे अजून अर्धा फेरा बाकी आहे. आटे आत पुरेसे धरलेत ना ते बघून क्लॅम्प, नट, नवीन स्प्लिट पिन. स्टेअरिंग दोन्ही टोकांना मारून बघितलं, दोन्हीकडं चाकाचा स्टॉप बोल्ट लागतोय, बॉक्स कुठंच आधी संपत नाही, टायर पाट्याला घासत नाही.

ट्रायल घेताना एक ध्यानात ठेवा, आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते, डाव्या बाजूनं चालवताना बरोबर असलेली गाडी पण किंचित डावीकडं जाते. त्यावरनं परत पाना काढू नका. पहाटे मोकळ्या रस्त्यावर जिथं मध्ये सपाट आहे तिथं बघायचं. दांडा केसभर डावीकडं होता, ड्रॅग लिंक अर्धा फेरा, बास. नंतर बेळगावात अलाइनमेंटच्या मशीनवर पण चढवली, त्या पोरानं स्क्रीन बघून विचारलं कुठं केलंय काम, घरी म्हणलं तर विश्वास बसेना त्याचा.

माल भरून गोव्याला जाऊन आल्यावर यू-बोल्टचे नट परत आवळले, प्रत्येकानं थोडं थोडं घेतलंच. नवीन यू-बोल्ट लोडवर बसतात, पहिल्या काही शे किलोमीटरला हे आवळणं चुकवलं तर सगळं केलेलं पाण्यात. घाटातलं डावं हेअरपिन आता एका दमात निघतं. मागचे पाटे अजून उघडलेले नाहीत, माप बरोबर आहे म्हणून ठेवलेत, पण त्यांचे यू-बोल्ट पण तेवढेच जुने, दिवाळी झाली आणि भाजीचा भाव पडला की गाडी तशीही उभी राहील, तेव्हा मामांना परत बोलवायचं आहे.